श्वेताची लुवई

अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागला की रायपूरच्या रिंग रोडवरून पंजाबची हार्वेस्टरं यायला लागतात. एकामागे एक, पाच-सहा, रस्ता अडवत, डुलत डुलत. कापणीचं लांब पातं काढून मागच्या गाड्यावर आडवं बांधलेलं, टपावर चालकांच्या रजया आणि पाण्याची निळी टाकी. ऑफिसला जाताना माझी स्कूटी त्यांच्या मागे अडकते. आरंगच्या बाजूनं कापलेल्या धानाचा वास येतो, गोडसर, जरासा धुळकट. वारा सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून फिरला तर त्यात लोखंडाचा करपट वास मिसळतो. या दिवसांत लोकांना थंडीची, गुळाची, नव्या तांदळाच्या वाफवलेल्या फऱ्याची आठवण येते. मला मत्सर आठवतो. मत्सर हा शब्दही जरा भारदस्तच झाला. आमच्या घरात सरळ म्हणतात, "जळून राहिली."

मी जळत होते. दुसऱ्या कोणावर नाही, माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीवर.

श्वेता माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी वर्गात पहिली यायचे आणि ती शाळेतून उशिरा यायची, कारण वाटेत तिला माणसं भेटत. पंक्चरवाला, बोरं विकणारी बाई, देवळापुढचा फुलवाला, सगळ्यांशी तिचं काहीतरी अर्धवट राहिलेलं बोलणं असायचं. छत्तीसगढी ती त्यांच्याचकडून शिकली. मी रायपुरात जन्मले, चाळिशी ओलांडली, तरी मला ती भाषा नुसती कळते. बोलायला गेले की जीभ आधी व्याकरण तपासते आणि तोवर समोरचा माणूस हिंदीवर आलेला असतो.

भिलाईच्या कॉलेजात श्वेताचे चार विषय राहिले, तेव्हा ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या बैठकीत येणारे नातेवाईक चहाचा कप खाली ठेवत म्हणायचे, "मोठीसारखी नाही निघाली." आई खाली मान घालायची. मी ट्रे उचलून आत जायचे. ते वाक्य मी किती चवीनं ऐकलं आहे, हे मलाच ठाऊक. पुढे मी सरकारी परीक्षा पास झाले, नवा रायपूरच्या एका कार्यालयात आकडेवारीच्या कामाला लागले. ती एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये विक्रीला लागली. माझ्या हिशोबानं दोघींचं जे व्हायचं ते झालं होतं.

मग एका अगहनात ती आरंग रोडच्या ढाब्यावर चहाला थांबली. तिथे चार हार्वेस्टरं उभी होती आणि त्यांचे चालक दोन दिवस काम नाही म्हणून खाटेवर पत्ते खेळत होते. त्याच सकाळी आठ कोसांवरच्या एका गावातून तिला तीन फोन आले होते, "दीदी, मशीन दिलवा दो, धान झरत हे." पिकून दाणा गळायला लागला होता आणि मशीन मिळत नव्हतं. तिनं चहा तसाच ठेवला आणि त्या चालकांना गाव दाखवायला पुढे आपली स्कूटी काढली.

एवढंच. हीच तिची कल्पना. किती साधी! मला आजवर सर्वांत जास्त जाळलं असेल तर त्या साधेपणानं. मीही त्या रस्त्यानं जात होते. मीही ती मशीनं बघत होते.

पहिल्या वर्षी सगळं आईच्या बैठकीतून चाललं. एक फोन, एक वही आणि खालच्या दुकानातून आणलेला जिल्ह्याचा नकाशा. एका रविवारी मी सहज गेले तर ती नकाशावर डोकं धरून बसली होती. सहा मशीनं, बावीस गावं, आणि मशीन नुसतं रस्त्यावर धावण्यातच दिवस जात होता. मी पेन्सिल घेतली. कुठलं मशीन कुठून कुठे न्यायचं, ते दोन तासांत मांडून दिलं. हे माझं कामच. श्वेता माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती.

"दीदी, तू नोकरी सोड. सच में. आपण दोघी करू हे."

"अन् हे बंद पडलं तर? माझा पगार कोण देईल, तुझी हार्वेस्टरं?"

"नाही पडणार बंद."

"तुझं कधी काही टिकलं आहे का, श्वेतू?"

ती हसली. मीही हसले. आईनं आतून पोहे आणले. त्या पोह्यांवर शेव होती, ऊन नकाशावर पडलं होतं, आणि मी माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी संधी कांद्याच्या फोडीसारखी ताटाच्या कडेला सारली, हे मला कळलंही नाही.

दुसऱ्या वर्षी भिलाईचे दोन इंजिनियर पोट्टे तिला येऊन मिळाले आणि त्या वहीचं ॲप झालं. नाव ठेवलं 'लुवई'. छत्तीसगढीत धानाच्या कापणीला लुवई म्हणतात. शेतकऱ्यानं फोनवर गाव आणि शेत सांगायचं की कोणतं मशीन कोणत्या दिवशी येईल ते लगेच दिसायचं. तिसऱ्या वर्षी बंगळुरूचे गुंतवणूकदार आले. नव्या संकुलात काचेचं ऑफिस झालं. दारावर धानाच्या लोंबीचं चित्र. हिंदी पेपरात पहिल्या पानावर तिचा फोटो आला, हार्वेस्टरच्या पायरीवर उभी, केस उडालेले. आईनं तो पेपर फाडला नाही की चिकटवला नाही. रोज सकाळी टेबलावर काढून ठेवायची आणि रात्री घडी करून आत. जणू तो रोजचाच ताजा पेपर.

जळण्याला कारणं मोठी लागत नाहीत. मला तर चहासुद्धा पुरला. सदर बाजारातल्या ज्या सराफाकडे मी पंधरा वर्षं जाते, त्यानं एकदा माझी बांगडी सांधायला घेताना डोळे बारीक केले. "आप लुवईवाली श्वेता मॅडम की दीदी हैं ना? अरे, बैठिए, बैठिए." पंधरा वर्षांत त्यानं मला कधी स्टूल दिलं नव्हतं. त्या दिवशी गादी मिळाली, वेलची घातलेला चहा मिळाला. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याले. मग घरी येऊन नवऱ्यावर उगाच खेकसले.

मराठी मंडळींनी तिचा सत्कार केला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. शाल, श्रीफळ, आणि भाषणात प्रत्येक वक्त्याला ती लहानपणापासूनच हुशार असल्याचं आठवत होतं. मला वाटलं, उठून हिचे चार राहिलेले विषय सांगावे. श्वेता बोलायला उभी राहिली. तिचं मराठी दोन वाक्यांत संपलं, पुढे ती हिंदीवर आली. "हिसाब मुझे मेरी दीदी ने सिखाया," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. सगळे वळले. मी हात जोडले. दुसरी कोणी असती तर तिला भरून आलं असतं. मी मनात म्हणत होते, एवढ्या लांब भाषणात मी एका वाक्यापुरती!

घरी परतताना आई रिक्षात म्हणाली, "मिनू, तूपण थोडं शिकून घे ना तिच्याजवळून. तुले तर गणित किती चांगलं येते."

आईला त्या वाक्याची धार ठाऊक नव्हती.

आता ते सांगते, जे सांगायला मला एवढा वेळ लागला.

चौथ्या वर्षीची कापणी महिन्यावर आली होती. श्वेता एका दुपारी माझ्याकडे आली, चप्पल दारात उडवून थेट ओट्यावर बसली आणि डब्यातले शेंगदाणे खात म्हणाली, "दीदी, नवीन ॲप तयार आहे. तू एकदा बघून दे ना. तुझी नजर बारीक आहे. पोट्टे तर आपलंच खरं करतात."

मी माझा फोन घेतला, आईचा फोन घेतला आणि दोन दिवस बघितलं. मन लावून बघितलं, कारण मला चूक सापडायला हवी होती. ती सापडली. एका फोनचं नेटवर्क मध्येच जाऊन परत आलं की एकच मशीन, एकाच दिवसासाठी, दोन वेगळ्या गावांना पक्कं झाल्याचं दिसत होतं. मी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच. शहरात बसलेल्याला हे कधी कळलं नसतं. पण खेड्यात नेटवर्क जातं आणि येतं, हेच तर तिथलं नेटवर्क.

मी ते कागदावर नीट लिहून काढलं. एक, दोन, तीन. अक्षरसुद्धा छान आलं होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. ती बंगळुरूला होती. मागे माणसं हसत होती, इंग्रजीत काही बोलत होती, कोणीतरी तिला नावानं हाक मारत होतं.

"दीदी, दिसलं का काही?"

तिच्या मागचं ते हसणं मला ऐकू येत होतं. आणि माझ्या मागे कुकरची शिट्टी.

"नाही गं," मी म्हणाले. "मस्त आहे."

"पक्का ना?"

"हव, पक्कं."

कागदाची घडी करून मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी स्वतःला सांगितलं, तिच्याकडे पगारी माणसं आहेत, बघतील ती. मी म्हणजे कोण? एक वाक्य.

कापणी अर्ध्यावर आली आणि आभाळ भरून आलं. अगहनात असं होत नाही, पण कधीकधी होतं. दोन दिवसांत पाऊस येणार असं सगळ्यांच्या फोनवर आलं आणि सगळ्यांनीच एकदम मशीन मागितलं. लुवईनं सगळ्यांना मशीन दिलं. दिलं म्हणजे दाखवलं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, हिरव्या अक्षरांत. त्या अक्षरांवर विसंबून लोकांनी विळेवाले मजूर बोलावले नाहीत. माणसं पहाटेपासून शेताच्या तोंडाशी, सडकेवर उभी राहिली. मशीन एका गावात गेलं आणि दुसऱ्या गावात नुसतं वाट बघणं उरलं. मग पाऊस आला, दोन दिवस मुक्काम करून राहिला. उभा धान जमिनीला टेकला. चाकांची मशीनं चिखलात शिरेनात. लोंबीवरच दाण्याला कोंब फुटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या ऑफिससमोर गर्दी जमली. कोणीतरी मूठभर कुजका धान दारावर मारला, तो काचेवरच्या लोंबीच्या चित्राला चिकटून बसला. त्याची चित्रफीत दुपारपर्यंत रायपुरात प्रत्येकाच्या फोनवर होती. माझ्या ऑफिसात तर शेजारच्या टेबलवाल्यानं मलाच दाखवली. "मॅडम, ये आपकी सिस्टर हैं न?"

हो म्हणताना माझा आवाज बरोबर गंभीर निघाला. पण आत काय झालं ते लिहिते. आत हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी घट्ट झालेलं ब्लाउजचं हूक सुटावं तसं. त्या संध्याकाळी मी वांग्याची भाजी केली आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. नवरा म्हणाला, "श्वेताकडे जाऊन ये." मी म्हणाले, "उद्या." त्या जेवणाची चव मला आजही आठवते आणि आजही लाज वाटते. लाज वाटूनही चव जात नाही, हे त्यातलं वाईट.

पुढचं सगळं भराभर झालं. वर जायला चार वर्षं लागली, खाली यायला होळीपर्यंतचे दिवस पुरले. बंगळुरूचे लोक आधी फोन उचलायचे बंद झाले, मग वकिलातर्फे बोलायला लागले. एक इंजिनियर पोट्टा पुण्याला गेला, दुसरा घरी बसला. काचेच्या ऑफिसात आता दातांचा दवाखाना आहे. श्वेता आज एका खतांच्या कंपनीत नोकरी करते, नवा रायपूरलाच, माझ्या कार्यालयापासून दोन चौकांवर. सकाळी अंगठा लावते, संध्याकाळी अंगठा लावते. पोळी-भाजीचा डबा असतो. सुट्टी हवी तर अर्ज लिहिते. अगदी माझ्यासारखी. हेच मला हवं होतं ना? मागच्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत आम्ही बागेतल्या एका बाकावर बसून जेवलो. तिथेही, बाकासमोरून जाणाऱ्या माळीबुवानं तिला विचारलं, "कइसे हस नोनी?" कशी आहेस, पोरी? आणि ती त्याच्याशी त्याच्या नातवाच्या खोकल्याबद्दल बोलत बसली. मी सहा वर्षं त्या बागेत डबा खाते. त्याला नातू आहे हे मला माहीत नव्हतं. मी हातातली पोळी परत डब्यात ठेवली. म्हणजे अजूनही! तिच्याजवळ आता काहीच उरलं नाही, तरी जळायला मला पुरेसं आहे.

पण या दिवसांत मला सगळ्यांत आधी आठवते ती एक सकाळ. पाऊस थांबून आठवडा झाला असेल. श्वेतानं एक यादी केली होती, ज्यांना मशीन कबूल करून पाठवलं नाही त्या शेतकऱ्यांची. वकील म्हणत होता, जाऊ नका, माफी मागितली की चूक कबूल केल्यासारखं होतं. ती म्हणाली, चूक आहेच तर. कंपनीची गाडी आणि चालक बंगळुरूवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून घेतले होते. म्हणून ती माझ्याकडे आली. "दीदी, गाडी काढशील?"

नवऱ्याची कार काढली. पहिल्या दोन गावांत मी गाडीतच बसले. काच वर करून, एसी लावून. तिला लोकांसमोर उभं राहून ऐकताना लांबून बघत होते. आवाज येत नव्हता, नुसते हात दिसत होते. पण काच वर असली तरी वास आत येत होता. कुजत्या धानाचा आंबूस, कोंदट वास. धान खरेदीच्या सोसायटीत ओला धान कोणी घेत नव्हतं, म्हणून लोकांनी तो सडकेवरच वाळत घातला होता. त्यावरून गाडी न्यायला नको म्हणून मी अर्धी चाकं शेतात उतरवत चालवत होते.

तिसऱ्या गावाच्या अलीकडे, एका परसाच्या, म्हणजे पळसाच्या झाडाखाली मी गाडी थांबवली. मला पुढे चालवता येईना.

"श्वेतू, मला माहीत होतं."

"काय?"

"ॲपमधलं. एकच मशीन दोन गावांना. तू दिलं होतंस बघायला, तेव्हाच सापडलं होतं. मी सांगितलं नाही."

ती समोर बघत होती. मला वाटलं, आता मारेल. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तिनं ओरडावं, तुझ्यामुळे झालं म्हणावं. निदान तिच्या पडण्यात तरी माझा हात असावा.

"मलेपण माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पोट्ट्यांनी दोनदा सांगितलं होतं. पंधरा दिवस थांबा म्हणाले. मी म्हटलं, कापणी थांबते का? सीझन गेला तर वर्ष गेलं. निकल जाएगा, म्हटलं."

एवढा मोठा गुन्हा मी छातीशी धरून आणला होता, आणि तोही तिच्याजवळ आधीच होता. माझ्या आधी, माझ्याहून मोठा. मला त्या क्षणीसुद्धा, देवा शपथ, थोडी जळजळ झाली.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "काहून नाही सांगितलं?"

"जळत होते."

"हव." हे तिला नवीन नसावं. तिचा आवाज मात्र एकदम बारीक झाला. "पण तू सांगितलं असतं ना दीदी, तर मी थांबली असती. त्यांचं नाही ऐकलं मी, कोणाचंच नाही ऐकलं. म्हणून तर तुले दाखवायला आणलं होतं. वाटलं, दीदी नाही म्हणाली तर थांबू. तू म्हणाली, मस्त आहे."

परसाचं एक वाळकं पान काचेवर पडलं आणि घसरत खाली गेलं. मी किती वर्षं हिशोब करत होते, तिच्या आयुष्यात मी किती, एक वाक्य की अर्धं. आणि इथे एक माणूस होतं, ज्यानं सगळं जग बाजूला ठेवून माझ्या एका शब्दासाठी जागा रिकामी ठेवली होती. त्या जागेवर मी काय ठेवलं?

शेताच्या तोंडाशी एक म्हातारा शेतकरी आमची वाट बघत उभा होता. डोक्याला गमछा, हातात काही नाही. श्वेतानं डोळे पुसले, दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि थांबली.

"उतर ना. मले एकटीले नको पाठवू."

मी उतरले. चिखलात सँडल रुतली, ती तिथेच सोडली. म्हाताऱ्यानं आधी श्वेताकडे बघितलं. "अब का देखे बर आय हस, नोनी? धान तो गय." आता काय बघायला आलीस, धान तर गेला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "अउ ए कोन हरे?"

"मोर दीदी हरे, कका," श्वेता म्हणाली.

त्यानं मला खालीवर बघितलं आणि मग दोघींना मिळून बोलायला सुरुवात केली. शिकल्यासवरलेल्या पोरी, घरात बसून बोटानं शेती करता, कधी धानाला हात लावला आहे का, आईबापांनी हेच शिकवलं का. तो बराच वेळ बोलत होता. त्याचा आवाज कापत होता. मधेच त्यानं वाकून एक लोंबी उपटली, कोंब फुटलेली, हिरवट, आणि आम्हाला दाखवली.

श्वेतानं मान खाली घातली होती. मी तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी होते. त्याचं सगळं बोलणं मला कळत होतं. अर्धं तिचं होतं. अर्धं माझं होतं, आणि ते मी कोणाला देणार नव्हते.